शून्याच्या खाली

गावाचं नाव बाया. डॅन्यूबच्या काठी.
पहिल्या दिवशी पाटी वाचून मी एकटाच हसलो.
कशाला हसलो, ते हंगेरीत कुणाला सांगणार?

बोर्बाला इथे नदी मोजते.
सकाळी सातला रबरी बूट चढवून
धक्क्याच्या भिंतीवरल्या पट्टीपाशी उतरते
आणि वहीत आकडा लिहिते.
परवा लिहिला : उणे चार.
उणे? मी म्हटलं. नदी संपली की काय?
तळ अजून खूप खाली आहे, ती म्हणाली.
शून्य कुठे ठोकायचं ते कचेरीनं ठरवलं,
फार जुन्या एका कोरड्या साली.
नदीला कुणी विचारलं नव्हतं.

सतराव्या वर्षी तिचं पोट उघडलं होतं.
गाठ होती, घरात एवढंच सांगितलं.
आई गेली, आणि फडताळ आवरताना
पिठाच्या डब्यामागे कागद सापडला
बेचाळिशीच्या बोर्बालाला.
गुणसूत्रं पुरुषाची, कागद म्हणत होता,
बाकी दिसायला, वाढायला, सगळी मुलगी.
जे काढलं ते चांगलं धडधाकट होतं.
गाठ नव्हतीच.
"माझ्याच घरात चोरी झाली," ती म्हणाली,
"आणि टाके मलाच घातले."

मग कायदा आला.
माणसाचं लिंग म्हणजे काय, ते एका ओळीत :
जन्मतः शरीराची ठेवण आणि गुणसूत्रं.
ती ओळ ती बोट ठेवून वाचायची
आणि दर वेळी बोट 'आणि'वर अडायचं.
ज्यानं हा 'आणि' लिहिला, ती म्हणायची,
त्याच्या घरी सगळ्यांची उत्तरं जुळत असणार.

एका मंगळवारी ती नगरपालिकेत गेली.
जन्मनोंदीच्या खिडकीत मागदोल्ना,
शाळेत एकाच बाकावरची.
जाडजूड वही उघडली, चष्मा वर केला,
हे बघ, मुलगी. शाई अजून काळीभोर आहे.
"शाई बरोबर आहे. मी बरोबर आहे का,
कायद्याप्रमाणे?"
मागदोल्नानं पेनाला टोपण लावलं.
मागच्या रांगेतलं तान्हं रडायला लागलं होतं.
"बोरी, तू विचारलंस तर मला लिहावं लागेल.
तू विचारलेलं नाहीयेस."
मग मोठ्यानं : "रविवारी माशाचं कालवण आहे,
तिखट जपून घालते, ये."

ती गेली रविवारी. दोन वाट्या प्यायली.
तिखट जपून घातलेलं नव्हतं.

ही गोष्ट ती सांगत होती तिच्या भाषेत,
जिथे तो नाही, ती नाही,
ओ आणि ए यांच्या अधेमधे
ओठांचा चंबू करून काढलेला एकच स्वर,
सगळ्यांसाठी. तरी कायद्याला दोन रकाने लागले.
मी मनात मराठी करत होतो
आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबत होतो,
नाक्यावर कागद मागावेत तसा.
आपल्याकडे तीन दारं.
लेकरू रांगतं, पडतं, हसतं, झोपतं,
आणि त्या 'तं'पायी कुणाचं काही अडत नाही.
व्याकरणानं त्याला दिलेलं नाव मात्र
शिवीसारखं.
शेवटी मी 'ती'च लिहिलं,
कारण तिला विचारलं
आणि ती म्हणाली, "अर्थात. आणखी काय?"
एवढं सोपं होतं. विचारायचं होतं.

काल तिच्याबरोबर पट्टीपाशी उतरलो.
धुकं होतं, पायऱ्यांवर शेवाळ.
तिनं वाकून आकडा सांगितला, वही माझ्याकडे.
मी लिहिलं : उणे दोन.
तिनं पाहिलं, पेन काढून घेतलं.
"ही रेघ केवढीशी काढलीस.
नीट लांब काढ.
उद्या कुणी धूळ समजून पुसून टाकेल."